धुण्याआधीचा फोटो

३ मार्च २०२५, सोमवार

नाशिकची ट्रंक आली. ट्रॅव्हल्सवाल्याने पहाटेच आग्रा रोडला उतरवून दिली होती. शटर उघडायला गेलो तर आमच्या दुकानात सिलिंडर बोअर करणारे आबा तिच्यावरच बसून चहा पीत होते. "काय, दगड भरलेत का रे?" दगड नाहीत, पिस्टन. मोटरसायकलचे, वापरलेले, शर्यतीत पळालेले. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर रबरबँड, आत चिठ्ठी.

मालक जुनं गिऱ्हाईक. डर्ट ट्रॅकवर टू-स्ट्रोक पळवायचा आणि सिलिंडर बोअर करायला धुळ्याला पाठवायचा. नाशकात बोअरवाले कमी नाहीत. आबांचा हात त्याला मानवला होता, एवढंच. आता गुडघे बोलायला लागले, शेड रिकामी करून लेकीकडे पुण्याला निघालाय. फोनवर म्हणाला, "भंगारात घालायला जीव होत नाही. तुम्ही साफ करा, विका, तुमचं काय ते काढून घ्या आणि उरतील ते मला पाठवा." व्यवहार असा सैल ठेवला की पुढे भांडणं होतात. संध्याकाळी त्याला लिहून पाठवलं: विकेल त्याचा चौथा हिस्सा माझा, विकणार नाही त्याच्या भंगाराचे पैसे त्याचे.

बराचसा माल यामाहा आरएक्स १०० चा. पन्नास मिलिमीटरचा, मुठीत मावणारा पिस्टन. काही आरएक्स १३५ चे, अठ्ठावन्नचे. तळाशी राजदूत ३५० चे, चौसष्टचे. आणि दोन अगदीच निराळे, आतून बाहेरून मशीन मारलेले, अमेरिकेच्या वायस्को कंपनीचे फोर्ज्ड.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ च्या शेवटी आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० त्याहून आधीची, १९८३ ची. यामाहाच्या आरडी ३५० वरून बेतलेली, म्हणून सगळे तिला आरडीच म्हणतात. आज वाडीभोकर रोडने संध्याकाळी चक्कर मारा, विशीतलं पोरगं आरएक्सवर बसून आवाज करत गेल्याशिवाय राहायचं नाही. गाडी त्याच्या जन्माच्या आधी बंद पडलेली. आमचं दुकान निम्मं त्याच्यावर चालतं.

४ मार्च, मंगळवार

आबांनी सकाळीच डबा काढला. पत्र्याचा डबा, पाणी, त्यात कॉस्टिक सोडा, खाली शेगडी. त्यांचं आयुष्य शेतावरच्या ऑइल इंजिनांत गेलं. किर्लोस्कर, सातारची कूपर. त्या जुन्या मंद इंजिनांचे पिस्टन बिडाचे. कॉस्टिकमध्ये उकळले की काजळी, ग्रीस, रंग सगळं सुटून लोखंड उघडं पडतं. बिडाला त्याने काही होत नाही.

ॲल्युमिनियमला होतं. कॉस्टिक ते खातं. पाण्यात बुडबुडे उठतात तो हायड्रोजन असतो, शेगडीजवळ तो धोक्याचाच, आणि प्रत्येक बुडबुड्यामागे पिस्टनचा थोडा थोडा धातू जातो. मोटरसायकलच्या पिस्टनची धातू म्हणजे ॲल्युमिनियमात बहुधा बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि सिलिकॉन मागे राहतं, म्हणून वर काळपट राख धरते. आबांना हे ठाऊक नाही असं नाही. "पाचच मिनिटं ठेवू," म्हणाले. मी डबा उचलून मागच्या बाजूला ठेवला. दुपारपर्यंत बोलले नाहीत.

धुण्याआधी फोटो. ही माझी अट आहे आणि ती मी मोडत नाही. पिस्टनचा माथा, एक्झॉस्टची बाजू, कार्ब्युरेटरची बाजू, खाली पोकळी. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असतो, तो फोटोत दिसला पाहिजे. टू-स्ट्रोकच्या माथ्यावर काजळी सगळीकडे सारखी बसत नाही. ज्या पोर्टांतून ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण वर येतं, त्यांच्या तोंडाशी माथा धुऊन निघतो आणि तिथे उजळ डाग राहतात. डाग फार पसरलेले असतील तर गाडी पेट्रोल जास्त पीत होती. डागच नसतील, माथा कोरडा, करपलेला असेल, तर पेट्रोल कमी पडत होतं आणि इंजिन तापून चाललं होतं. एवढी हकीकत त्या दोन इंच गोलात लिहिलेली असते. ब्रश मारला की गेली.

६ मार्च, गुरुवार

कालपासून भिजत घातलेले आज काढले. पूर्वी आम्ही रॉकेलमध्ये घालायचो. आता रॉकेल शोधायला जावं लागतं, म्हणून डिझेल. एक रात्र पुरते. चिवट काजळी असेल तर दोन. जो शर्यतीत एरंडेलाचं तेल वापरतो त्याच्या पिस्टनवर मात्र पिवळट तपकिरी लाखेचा थर बसतो आणि डिझेल त्याला हलवत नाही. एरंडेल तापलेल्या धातूला धरून राहतं, म्हणून शर्यतवाल्यांना ते प्यारं. त्याचं हे देणं आम्ही फेडतो. त्याला कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे, लाकडाची पट्टी आणि सबुरी.

लाकूड किंवा जुना टूथब्रश. फार झालं तर पितळेचा मऊ ब्रश, तोही फक्त माथ्यावर. पिस्टनच्या बाजूला, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, ब्रश लावायचा नाही. नखाने चाचपून पाहा, स्कर्टवर आडव्या बारीक रेघा लागतात. त्या कारखान्यात मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यांत तेल थांबतं. काही पिस्टनांवर वरून ग्राफाइटचा काळा लेप असतो. पोरगं तो मळ समजून घासायला बसतं. आमच्या नव्या हेल्परला आज हे दाखवलं. त्याने विचारलं, मग साफ काय करायचं? प्रश्न बरोबर आहे.

साफ करायच्या त्या खोबणी. रिंगच्या खोबणीत काजळी राहिली तर नवी रिंग आत बसत नाही, बाहेर फुगून राहते, आणि बोअरला चरे पडतात. खोबण साफ करायला बाजारात हत्यार मिळतं, पण आबांचं हत्यार म्हणजे त्याच मापाची जुनी रिंग मोडून तिचं टोक. रुंदी नेमकी तीच, त्यामुळे तळाची काजळी निघते आणि बाजूंना धक्का लागत नाही. टू-स्ट्रोकच्या खोबणीत एक इवलीशी पिन ठोकलेली असते. रिंगची तोंडं तिला अडतात, म्हणून रिंग फिरत नाही आणि तिचं तोंड पोर्टात अडकत नाही. खोबण खरवडताना ती पिन हलते का, ते पाहायचं. हलली तर पिस्टन बाद. बाकी कितीही देखणा असो.

ब्लास्टिंगचं यंत्र असलेला शेजारी म्हणाला, द्या इकडे, दहा मिनिटांत चांदी करून देतो. काचेचे मणी किंवा वाळू. मऊ ॲल्युमिनियमात ते कण रुततात, कितीही धुवा निघत नाहीत, आणि इंजिन तापलं की सुटून बोअरमध्ये फिरतात. शिवाय खोबणीच्या कडा गोल होतात. खायच्या सोड्याने मारता येतं. तो मऊ, आणि उरला तरी पाण्यात विरघळतो. तसं यंत्र धुळ्यात माझ्या पाहण्यात नाही. नको द्यायला.

शेवटी गरम पाणी, भांडी घासायचा साबण, हवा मारून वाळवणं, आणि पुसट तेलाचा हात.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांवर महिना आणि गावाचं नाव, काहींवर एकच शब्द: "पकडला", म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला. एका आरडीच्या जोडीवर इंग्रजीत शोलावरम. मद्रासजवळची दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. तिच्यावर पूर्वी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. पुढे १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा कायमचा ट्रॅक झाला. नाशिकला फोन लावला. तो म्हणाला, ज्याच्याकडून घेतले त्याने तसं सांगितलं होतं.

सांगितलं होतं म्हणजे माहीत नाही. "शोलावरमला पळालेले पिस्टन" असं लिहिलं तर दाम दुप्पट येईल, घेणारे वेडे आहेत. चिठ्ठी बरोबर देईन. माझ्या बिलावर तो शब्द येणार नाही.

११ मार्च, मंगळवार

आरडी जुळी, दोन सिलिंडरांची. दोन्ही पिस्टन एका वजनाचे लागतात, नाहीतर गाडी हातात झिणझिण्या आणते आणि क्रँकची बेरिंगं लवकर जातात. आमचा काटा किराणा दुकानाच्या लायकीचा. म्हणून गावात सराफाकडे गेलो. शाळूसोबती आहे, चेष्टा करायची संधी सोडत नाही. "आण, तुझं सोनं आण. टंच किती?"

त्याच्या काट्यावर पिस्टन ठेवले, दांड्याला जोडणारी मोठी पिन आणि रिंगा काढून, नुसते. एक जोडी इतकी जुळली की तोही गप्प झाला. दुसरी जोडी जोडी नव्हतीच. एक मूळ जपानी, दुसरा कुणीतरी नंतर बसवलेला, फरक डोळ्यांनी दिसेल इतका. तो एकटा विकायचा. सराफाकडे दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र आहे. एक आरएक्सचा पिस्टन त्यात सोडून पाहिला, नुसतं कोमट पाणी आणि साबण. पिनच्या भोकातली आणि रिंगच्या खोबणीतली घाण धुरासारखी बाहेर आली. फार चांगलं काम झालं. पाणी बघून सराफ म्हणाला, आता हे यंत्र तूच ने.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

कुणी आलं नाही. हेल्पर रंगात बुडून दारात उभा राहिला आणि परत गेला.

१९ मार्च, बुधवार

आज हात काळे झाले आणि डोकंही तापलं.

इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजातला मुलगा आला, बरोबर वडील. वडिलांची आरएक्स, लग्नाआधी घेतलेली, पोरगा उभी करतोय. त्याने कुठूनतरी कुरिअरने "रेसिंग पिस्टन" मागवला होता. विकणाऱ्याचं नाव त्याने सांगितलं, मी इथे लिहीत नाही. पिस्टन बघताच आबा हसले. आरशासारखा. माथा चकचकीत, स्कर्ट चकचकीत, पोकळीसुद्धा चकचकीत. मुलाला वाटलं आम्ही खूश झालो.

मायक्रोमीटर लावला. पिस्टन गोल नसतो, थोडा लंबगोल असतो आणि वर निमुळता, कारण माथा तापून जास्त फुगतो. त्यामुळे माप घ्यायची जागा ठरलेली: पिनच्या आडव्या दिशेला, स्कर्टच्या खालच्या काठापासून थोडं वर. मापात तो त्याच्यावर कोरलेल्या आकड्यापेक्षा बराच लहान. आडव्या रेघा नाहीत. नवी रिंग खोबणीत घालून बाजूने फीलर गेजचं पातं सरकवलं. तीन-चार शतांश मिलिमीटरचं पातं अडायला हवं. दहाचं पातं लोण्यात गेल्यासारखं गेलं. पिनच्या भोकाची कड खरबरीत.

आबांनी मुलापुढे तोच आपला कॉस्टिकचा डबा आणून ठेवला, रिकामा. "याच्यात उकळलाय. मग काळा पडला म्हणून बफ मारलाय." मला वाटलं आता ते माझ्याकडे बघतील. नाही बघितलं. त्या मुलाला समजावून सांगत बसले, बिडाचं काय होतं आणि ॲल्युमिनियमचं काय होतं, सगळं, माझ्याच शब्दांत.

हा पिस्टन बसवला असता तर? सुरू झाली असती गाडी. काही दिवस खडखडली असती, मग रिंग मोडली असती आणि वडिलांच्या सिलिंडरला चर पडला असता. विकणाऱ्याने तोवर दहा विकले असते. त्याने वापरलेला माल विकला हा त्याचा दोष नाही, तो मीही विकतो. ज्या खुणांवरून मला, आबांना, कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला पिस्टनचं आयुष्य वाचता आलं असतं त्या खुणाच त्याने पुसून टाकल्या, हा दोष. वापरलेल्या पिस्टनवरचा झगमगाट दिसला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: काय लपवायचं होतं?

मुलाने विचारलं, तुमच्या ट्रंकेतला द्या मग. नाही दिला. घरच्या आरएक्सला नवाच घ्यावा. देशी माल चांगला मिळतो. चेन्नईची इंडिया पिस्टन्स १९४९ पासून या धंद्यात आहे, गाझियाबादच्या श्रीरामचा माल उषा नावाने येतो, आणि आपल्या कोल्हापूरचीही मेनन पिस्टन्स आहे. त्याच्या सिलिंडरला पहिला ओव्हरसाइज लागेल, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा. तेवढी बोअर आबा मारून देतील. वडील म्हणाले, "गिऱ्हाईक परत लावणारा दुकानदार पहिल्यांदा पाहिला." परत कुठे लावलं, बोअर आमच्याकडेच होणार आहे.

२० मार्च, गुरुवार

कॉस्टिकचा डबा आबांनी स्वतःच भंगारात टाकला. काही बोललो नाही.

२४ मार्च, सोमवार

तडे तपासायचा दिवस. लाल रंग आणि पांढऱ्या फवाऱ्याची बाटली मिळते, महाग पडते. आम्ही जुनी रीत करतो, रॉकेल आणि खडू. (रॉकेलची एक बाटली याच कामाला राखून ठेवली आहे, तिला कुणी हात लावायचा नाही.) पिस्टन रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, काढून खडखडीत पुसायचा, खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात द्यायचा. वाळला की पांढरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते.

आरडीच्या स्कर्टला कार्ब्युरेटरच्या बाजूने खिडक्या असतात, त्यांच्या कोपऱ्यापाशी एकात रेघ उमटली. केसाइतकी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, भिंगातूनही नाही. पिन दोरीला ओवून पिस्टन टांगला आणि लाकडाने टिचकी मारली, तर चांगल्याचा आवाज घुमतो, याचा बसका. शोलावरमच्या जोडीतलाच तो. म्हणजे जोडी गेली.

हेल्पर म्हणाला, एवढ्या रेघेने काय होतंय. फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. आरएक्सचा स्ट्रोक पन्नास मिलिमीटर. तिची अकरा घोड्यांची ताकद मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांना येते. म्हणजे सेकंदाला सव्वाशे फेऱ्या. दर फेरीला पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो: सेकंदाला अडीचशे वेळा थांबणं आणि परत सुटणं. सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर, ताशी पंचेचाळीस किलोमीटर. गाडीचा नव्हे, त्या मुठीएवढ्या तुकड्याचा, पन्नास मिलिमीटरच्या डबीत. शर्यतवाला याहून वर ओढतो. अशात केसाएवढी रेघ किती वेळ केसाएवढी राहील? पोरगं गप्प. मग म्हणालं, "मग मला आरएक्स नको." बघू किती दिवस.

२८ मार्च, शुक्रवार

सोनगीरहून एक जण आला. शेती आहे, पाठीशी दोन आरएक्स, शंकरपटाची आवड सुटली म्हणून आता गाड्या पळवतो म्हणाला. टेबलावर मांडलेले पिस्टन उलटेपालटे करत होता. एक उचलला, माथा तपकिरी डागांचा.

"भाऊ, हाई काबर नई चमकस?"

त्याला फोनमधला धुण्याआधीचा फोटो दाखवला, मग हातातला. काजळी काढली, डाग राहू दिलाय, कारण डागाखालची धातू शाबूत आहे आणि खरवडली तर मापात जाईल. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. चिंचेने घासून लखलखीत करायची तिथली नजर. मानेना. म्हणाला, भांडं चमकत नसेल तर बाई घेत नाही. म्हटलं, भांड्याला रिंगा नसतात.

"कितलाले देशी?"

सांगितलं. त्याने निम्मं सांगितलं. शेवटी एक आरएक्स १३५ चा घेऊन गेला, पिनसकट, नव्या रिंगा आणि नवी लॉकं माझ्याकडून. जुन्या रिंगा आणि पिन अडवायची जुनी लॉकं मी कुणाला फुकटही देत नाही. लॉक दोन रुपयांचं, उडालं की सिलिंडर जातो.

३० मार्च, रविवार. पाडवा

यंत्रांची पूजा केली, बोअरिंग मशीनला हार घातला, आणि दुपारी फोर्ज्डची जोडी गेली. घेणारा बेंगळुरूचा मराठी माणूस, फोनवर. त्याला आधी बजावून सांगितलं: फोर्ज्ड पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा मजबूत, पण त्यात जी कमी सिलिकॉनची धातू वापरतात ती तापली की जास्त फुगते, म्हणून बोअरमध्ये जागा जास्त सोडावी लागते आणि थंड इंजिन थोडं खडखडतं. तो म्हणाला, माहीत आहे. माहीत असलेलं गिऱ्हाईक म्हणजे पाडव्याचा लाभ. वायस्को १९४१ मध्ये ओहायोत क्लाइड वाइजमन या शर्यतीच्या नादी माणसाने गॅरेजातच सुरू केलेली, हे त्यानेच मला सांगितलं आणि मग अर्धा तास सांगतच राहिला.

संध्याकाळी मुलीने लॅपटॉपवर सिनेमा लावला, बर्ट मन्रोचा, अँथनी हॉपकिन्सचा. न्यूझीलंडमधला इन्व्हरकार्गिलचा म्हातारा. १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल, तिचे पिस्टन स्वतः घरी ओतायचा. १९६७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ती ताशी दोनशे पंचाण्णव किलोमीटरच्या वर नेली. फुटलेले, वितळलेले पिस्टन त्याने टाकले नाहीत. फळीवर मांडून ठेवले आणि फळीवर लिहिलं, वेगाच्या देवाला नैवेद्य. आबा आले होते पुरणपोळी खायला. फळी बघून म्हणाले, "याला म्हणतात हिशेब ठेवणं." पुढचा सिनेमा त्यांनी झोपेत पाहिला.

२ एप्रिल, बुधवार

एक इंटिरिअरवाली बाई आली, तिला पिस्टनचं घड्याळ आणि पेपरवेट करायचेत. माथ्याला भोक पडलेले दोन दिले. ठिणगी फार आधी पडत असेल किंवा पेट्रोल कमी पडत असेल तर ॲल्युमिनियम वितळून असं भोक पडतं. तिला ते भोकच आवडलं.

पेपरवेटवरून आठवलं. डब्ल्यू. ओ. बेंटली, गाड्यांचा बेंटली, १९१३ मध्ये फ्रान्सला डीएफपी गाडीच्या कारखान्यात गेला. तिथे टेबलावर पिस्टनच्या आकाराचं ॲल्युमिनियमचं पेपरवेट होतं. त्या वेळी पिस्टन बिडाचे नाहीतर पोलादाचे. त्याने विचार केला, हेच आत घातलं तर? अठ्ठ्याऐंशी टक्के ॲल्युमिनियम आणि बारा टक्के तांबं अशी धातू ओतून घेतली, गाड्या पळवल्या, आणि पहिल्या महायुद्धात त्याच्या विमानाच्या इंजिनात तसेच पिस्टन गेले. पेपरवेटाचं इंजिन झालं. माझ्याकडे इंजिनाचं पेपरवेट होतंय, आणि पैसेही बरे मिळतात.

५ एप्रिल, शनिवार

ऊन फार. दुपारी पत्रा तापतो आणि मापं खोटी बोलतात. सकाळी बावीस अंशांना मोजलेला पन्नासचा पिस्टन दुपारी बेचाळीसला मोजला तर दोन शतांश मिलिमीटर मोठा भरतो. पिस्टन आणि बोअर यांच्यात जागाच सोडायची दीड थाऊ, म्हणजे जेमतेम चार शतांश. निम्मी जागा उन्हानेच खाल्ली! बिडाची स्लीव्हही फुगते, पण निम्म्याने. म्हणून मोजणी सकाळी नवाच्या आत, आणि पिस्टन, सिलिंडर, मायक्रोमीटर रात्रभर एकाच टेबलावर ठेवलेले. मापाची जगभरची रीत वीस अंशांची आहे. धुळ्यात वीस अंश मिळायला डिसेंबर उजाडावा लागतो.

धुण्याचं काळं डिझेल पिंपात साठवतोय, जुन्या तेलाबरोबर तेल नेणाऱ्याला जातं. गटारात ओतायचं नाही, ते गटार पांझरा नदीत जातं. आमच्या भागात कोण ओततं ते सगळ्यांना माहीत आहे.

८ एप्रिल, मंगळवार

नाशिकच्या विकलेल्या मालाचा हिशेब पूर्ण केला आणि पैसे पाठवले. बहुतेक चांगले पिस्टन गेले. आरडीचा एकटा जपानी कोल्हापूरला गेला, त्या माणसाकडे त्याचा जोडीदार होता. त्याने आधी वजन विचारलं, मग भाव. असा माणूस क्वचित भेटतो.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्र पौर्णिमा

एकवीरा देवीची यात्रा. जुन्या देवपुरात पाय ठेवायला जागा नाही, दुकानात चिटपाखरू नाही. म्हणून उरलेलं काम उरकलं. तडा गेलेले, खोबणीतली पिन हललेले, मापात गेलेले पिस्टन एका पोत्यात. भंगारवाल्याकडे अख्खे दिले तर त्यातले दोन-चार पुन्हा चकचकीत होऊन कुणाच्या तरी कुरिअरमध्ये निघतील. म्हणून आबांनी ऐरणीवर घेतले आणि घणाने एकेक फोडला. शोलावरमच्या जोडीतला तडकलेलाही. त्याची चिठ्ठी मी ठेवली आहे. जोडीतला चांगला राहिलेला मात्र विकायला ठेवलाय, एकटा, चिठ्ठीशिवाय.

हेल्परने विचारलं, नाशिकवाल्याचे पैसे कमी नाही का येणार? भंगार किलोवर जातं, फोडलं तरी वजन तेवढंच.

दुपारी दुकानात लावायला कागद लिहिला. आबांनी शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी चुकीचं केलं, तसंच ठेवलंय. मजकूर असा:

वापरलेला पिस्टन घेणाऱ्यांनी धुण्याआधीचा फोटो मागावा. माप समोर मोजून घ्यावं, सकाळी यावं. रिंगा आणि लॉकं नवीच घ्यावीत. विकणारा फोटो देत नसेल तर घेऊ नये, मग तो विकणारा आम्ही का असेना.